न पाहिलेल्याचे मोल



मे महिन्याच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळ जण थंड हवेच्या ठिकाणी जातात. कोणी मंडळीच्या शिबिरासाठी जातो, कोणी प्रकृतीसाठी, तर कोणी नातवंडांच्या हट्टापायी. मी गेलो तो या शेवटच्या कारणासाठी. महाबळेश्वरचा बाजार, घोडे, चण्यांच्या पुड्या हे सर्व दोन दिवसांत उरकल्यावर माझ्या आठ वर्षांच्या नातवाने जाहीर केले की, आता आपण रानात जाऊन फुलपाखरे आणि चतुर शोधायचे. त्याच्याजवळ एक वही होती. तीत त्याने एकाखाली एक आकडे घालून ठेवले होते आणि प्रत्येक आकड्यापुढची जागा मोकळी सोडली होती. वही भरली म्हणजे सुट्टी सार्थकी लागली, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब त्या रानात कसा चुकला, आणि त्यातून माझ्यापुढे कोणता प्रश्न उभा राहिला, तो आज आपणापुढे मांडावयाचा आहे. प्रश्न जुनाच आहे. ज्या जिवाचा आपणांस उपयोग नाही, ज्याला आपण बहुधा पाहतही नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असू, तर ते का?

लिंगमळ्याच्या बाजूला जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांतून एक पायवाट जाते. त्या वाटेने आम्ही सकाळी निघालो. फुलपाखरे शोधावयाची तर फार पहाटे उठून लाभ नाही. फुलपाखराच्या अंगी आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. ऊन अंगावर घेतल्यावाचून त्याचे पंख चालत नाहीत. म्हणून आठ-साडेआठच्या पुढे, जेथे झाडीतून उन्हाचा कवडसा खाली उतरतो अशा जागा पाहाव्या लागतात. उन्हाळ्यात फुले थोडी, म्हणून ओल शोधावी लागते. ओढा आटत आला म्हणजे काठच्या ओल्या मातीवर काही फुलपाखरे येऊन बसतात आणि सोंडेने त्या मातीतील क्षार शोषून घेतात. हे बहुधा नर असतात आणि ते क्षार पुढे मादीला व तिच्या अंड्यांना उपयोगी पडतात. चतुर पाण्याच्या आसपास सापडतो. तो एखाद्या काडीच्या टोकावर पंख पसरून बसतो, एकाएकी झेप घेतो, भक्ष्य टिपतो आणि फिरून बहुधा त्याच काडीवर येतो. त्याची नाजूक चुलत बहीण टाचणी, ती बसताना पंख पाठीवर मिटून घेते. एवढे ज्ञान मी नातवाला दिले आणि मोठ्या उत्साहाने आम्ही निघालो.

पहिला तासभर काहीच दिसले नाही. पायांखाली वाळका पाला आणि वर तापत चाललेले आकाश. वहीतील पहिल्या आकड्यापुढची जागाही कोरीच राहिली. मुलाचा चेहरा उतरला आणि खरे सांगावयाचे तर माझाही. इतक्यात माझे पाऊल पाल्यात पडले आणि त्यातील एक वाळके पान उडाले. हात-दोन हातांवर जाऊन ते पुन्हा पाल्यात बसले आणि दिसेनासे झाले. आम्ही दोघे खाली वाकलो. पुष्कळ वेळाने नातवाला ते दिसले. पानाची शीर, पानावरचे डाग, पानाचा वाळलेला रंग, सर्व काही हुबेहूब होते. परंतु ते पान नव्हते. ते संध्याकाळी उडणारे एक तपकिरी फुलपाखरू होते. याची मोठी नवलाई अशी की, पावसाळ्यात जन्मणाऱ्या त्याच्याच भाऊबंदांच्या पंखांवर ठळक डोळे उमटतात, आणि कोरड्या दिवसांत जन्मणाऱ्यांच्या पंखांवरील ते डोळे जवळजवळ नाहीसे होऊन पंखांना वाळक्या पानाचे रूप येते. जात एकच, पण ऋतूप्रमाणे वस्त्रे दोन.

वाचकहो, त्या क्षणी मला लाज वाटली. तासभर आम्ही म्हणत होतो की, या रानात काही नाही. आमच्या पावलांपाशी ते जीव बसून होते, ते आम्हांस दिसत नव्हते एवढेच. आपणांस दिसत नाही म्हणजे नाही, आणि आपल्या कामाचे नाही म्हणजे कशाच्याच कामाचे नाही, असे आपण किती सहज मानून चालतो!

पुढे ओढ्यापाशी एक डोह लागला. तेथे गुलाबी झाक असलेला एक तांबडा चतुर काडीवर बसला होता. मी वहीकडे पाहत आहे तोच मुलाने मागून हळूच हात नेऊन त्याचे पंख चिमटीत धरले आणि माझ्याकडे वळून विचारले, "आजोबा, दोरा आहे का?"

हा दोरा काय असतो हे आपल्यापैकी अनेकांस सांगावयास नको. आमच्या गावच्या ओढ्याकाठी आम्हीही तेच करीत असू. रविवारी सकाळी रविवारच्या शाळेत देवाच्या सृष्टीची गीते म्हणावयाची आणि दुपारी चतुर धरून त्याच्या शेपटीला दोरा बांधून त्याचे विमान उडवावयाचे. दोन्ही गोष्टी आम्ही सारख्याच आनंदाने करीत होतो. एके दुपारी मी दोरा जरा जोराने ओढला. चतुर पुढे उडून गेला आणि त्याच्या देहाचा मागचा भाग माझ्या दोऱ्यात राहिला. सोबतची मुले हसली आणि मीही हसलो. पुढे अनेक वर्षांनी वाचनात आले की, आम्ही जिला शेपटी म्हणत होतो ती शेपटी नव्हतीच. ते त्याचे पोट. श्वास घेण्याची बहुतेक छिद्रे तेथेच असतात आणि नळीसारखे हृदयही तेथूनच जाते. त्या दुपारचे माझे हसू मला आजही ऐकू येते.

म्हणून मी नातवाला घाईने म्हणालो, "सोड त्याला. असे करू नये. देवाला आवडत नाही."

मुलाने चतुर सोडला नाही. त्याने शांतपणे विचारले, "मग काल आपण मासे खाल्ले ते?"

मी निरुत्तर झालो. "आधी सोड, मग सांगतो," एवढेच मला म्हणता आले. त्याने बोटे उघडली, पण त्याला माझे म्हणणे पटलेले नव्हते. चतुर डोहावर एक घिरटी घालून पुन्हा आपल्या काडीवर येऊन बसला. मुलगा म्हणाला, "पाहा, त्याला काहीच झाले नाही." दिवसभर मी त्या उत्तराचा ऋणी होऊन हिंडत राहिलो.

विचार करू लागलो तेव्हा पहिले उत्तर सुचले ते उपयोगाचे. चतुर डास खातो. पाण्यात वाढणारे त्याचे पिल्लूही डासांच्या अळ्या खाते. तेव्हा त्याला मारणे म्हणजे आपल्याच मित्राला मारणे होय. हे खरे आहे, आणि मुलांना ते जरूर सांगावे. परंतु या उत्तराने प्रश्न सुटत नाही. उद्या एखादा जीव आपल्या काहीच उपयोगाचा नाही असे ठरले, तर त्याला दोरा बांधण्यास मोकळीक आहे काय? ज्या प्रेमाचे कारण केवळ उपयोग आहे, ते प्रेम उपयोग संपताच संपते. माणसांच्या बाबतीत आपण हे नीट जाणतो. म्हाताऱ्या आईबापांना केवळ त्यांच्या उपयोगावरून जोखणाऱ्या मुलाला आपण चांगला मुलगा म्हणत नाही.

दुसरे उत्तर तत्त्ववेत्त्यांनी दिले आहे. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याचे म्हणणे असे की, प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, कारण जो प्राण्यांशी क्रूरपणे वागतो त्याचे मन माणसांविषयीही कठोर होते. यातही सत्य आहे. दोरा ओढून हसलेल्या मुलांच्या मनाला त्या दुपारी नकळत एक लहानसा घट्टा पडला असेल. तरी या उत्तरात एक उणीव राहते. यात चतुर हा केवळ सरावाचे साधन होतो. माणसाच्या मनाची काळजी वाहिली जाते, पण ज्याचा देह तुटला त्याचे काय, हे कोणी विचारत नाही. कांटच्या मते आपले खरे कर्तव्य माणसांप्रतच आहे, आणि प्राण्यांविषयीचे कर्तव्य त्यातून आडवाटेने येते. ख्रिस्ती मनुष्याला एवढ्यावर थांबता येईल काय?

मला वाटते, येणार नाही. पवित्र शास्त्राचे पहिलेच पान उघडून पाहा. पाचव्या दिवशी देवाने आकाशात उडणारे जीव उत्पन्न केले आणि ते चांगले आहे असे पाहिले. सहाव्या दिवशी रांगणारे प्राणी केले आणि तेही चांगले आहे असे पाहिले. तोपर्यंत मनुष्य अजून निर्माण झालेला नव्हता. म्हणजे या जिवांच्या चांगुलपणाचा निकाल आपण येण्याच्या आधीच लागलेला होता. आपले मत कोणी मागितले नव्हते, आपला उपयोग कोणी विचारात घेतला नव्हता. भूगर्भातील खडकांचा अभ्यास करणारे सांगतात की, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी चतुराचे जे आप्त पृथ्वीवर उडत होते त्यांच्यापैकी काहींच्या पंखांचा विस्तार दोन फुटांहून अधिक होता. त्यांना पाहणारा एकही मानवी डोळा तेव्हा नव्हता. तरी ते पाहिले गेले होते. जो पाहत होता त्याला ते चांगले दिसत होते.

ईयोबाचे पुस्तक तर याच गोष्टीचा मोठा घोष करते. दुःखाने गांजलेल्या ईयोबाला देव वावटळीतून उत्तर देतो, तेव्हा तो त्याला जेथे मनुष्याची वस्ती नाही त्या रानाविषयी विचारतो. निर्जन भूमीवर पाऊस कोण पाडतो आणि ओसाड जागी कोवळे गवत कोण उगवू देतो, असा तो प्रश्न आहे (ईयोब ३८:२५-२७). माणसाच्या हिशेबाने तो पाऊस वाया गेला. देवाच्या हिशेबाने तो वाया गेला नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेला ही गोष्ट परकी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रानातल्या एका फुलावर, 'वनवासी फूल' या नावाने, काव्य लिहिले. मारलेल्या पाखराच्या दुःखावरची त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता तर मराठी शाळांतून मुलांच्या पिढ्यांनी पाठ केली. फुलांचा आणि मुलांचा कवी म्हणून महाराष्ट्र ज्याला ओळखतो तो मनुष्य आपल्यापैकी होता, हे आपण विसरू नये.

आणि प्रभू येशूने तर हा विचार अगदी बाजाराच्या हिशेबात मांडला. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका नाण्याला विकल्या जातात (मत्तय १०:२९). लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन नाण्यांना विकल्या जातात (लूक १२:६). आता हिशेब करा. एका नाण्याला दोन, तर दोन नाण्यांना चार. मग पाचवी कोठून आली? ती वरकड दिलेली. भाजीबरोबर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकाव्यात तशी ती टाकलेली. बाजारात तिला काहीच किंमत नाही. आणि प्रभू म्हणतो की, त्यांच्यापैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. वरकडीत गेलेल्या त्या पाचव्या चिमणीचाही नाही. वाळक्या पाल्यात बसलेले ते फुलपाखरू ही माझी पाचवी चिमणी होती. माझ्या हिशेबात ती नव्हती, पण देवाच्या हिशेबात होती.

येथे कोणी विचारील, त्याच वचनांत प्रभू असेही म्हणत नाही काय की, आपले मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे? होय, खचित म्हणतो. पण हे सांत्वन उभे कशावर आहे, ते पाहा. चिमणीला देव विसरत नाही, म्हणून तो तुम्हांला विसरणार नाही, अशी ती मांडणी आहे. चिमणीचे मोल शून्य धरले तर हे सांत्वनच कोसळते. शून्याहून अधिक असण्यात कसला दिलासा? पौलाने करिंथकरांस लिहिताना, देवाला बैलांची चिंता आहे काय, असे विचारले (१ करिंथ ९:९), त्याचीही अशीच गोष्ट आहे. मळणीच्या बैलाचे तोंड बांधू नये ही आज्ञा घेऊन तो मजुराच्या हक्कापर्यंत जातो. लहानावरून मोठ्याकडे जाणारा युक्तिवाद लहानाला पुसून टाकीत नाही, तो लहानाच्या खांद्यावर उभा राहतो.

कोणी याहून अवघड प्रश्न विचारील. माणसे उपाशी असताना फुलपाखरांची चिंता करणे ही पोट भरलेल्यांची चैन नाही काय? ज्या शेतकऱ्याच्या कापसावर अळी पडली आहे, त्याला आपण काय सांगणार? हा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. ज्याचे घर त्या पिकावर चालते, त्याने पीक राखण्यासाठी अळी मारली तर त्याला दोष देण्यास माझी जीभ रेटणार नाही. पण गरज निराळी, सवय निराळी आणि हौस निराळी. शेतकऱ्याची गरज पुढे करून आपण आपल्या सवयी आणि हौशी झाकीत असतो. दोरा बांधण्याची मला कोणती गरज होती?

येथवर येऊनही नातवाच्या माशाचे उत्तर राहिलेच होते. ते रात्री जेवणाच्या टेबलावर सापडले. ताटे वाढली गेली आणि सवयीप्रमाणे मुलाने डोळे मिटून, हात जोडून अन्नासाठी देवाचे उपकार मानले. ते शब्द मी हजारो वेळा ऐकले आहेत. त्या रात्री मात्र ते मी प्रथमच ऐकले असे वाटले. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या समुद्राकाठी विस्तव करून त्यावर मासळी ठेवली होती आणि ती आपल्या शिष्यांना दिली (योहान २१:९-१३). मासा खाणे त्याने पाप मानले नाही. पण जे घ्यावयाचे ते देवाच्या हातून घेतले जाते आणि उपकार मानून घेतले जाते. मी मुलाला म्हणालो, "तू सकाळी माशांचे विचारलेस ना? मासे खाण्याआधी आपण काय केले?"

"प्रार्थना," तो म्हणाला.

"मग चतुराला दोरा बांधण्याआधी तुला प्रार्थना करता आली असती का? देवा, हा चतुर तू मला दिलास, आता मी त्याच्या पोटाला दोरा बांधतो, तुझे उपकार, असे?"

तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही. हसू येईल." आणि थोड्या वेळाने, "हसू नाही येणार."

वाचकहो, हीच कसोटी मी आज आपल्या हाती देऊ इच्छितो. नियमांची यादी मजजवळ नाही. आपल्या देशात असे शेजारी आहेत की जे किडामुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपून चालतात. त्यांच्याकडून आपण पुष्कळ शिकावे. तरी आपला मार्ग थोडा निराळा आहे. देवाने आपणांस सृष्टीतून घेण्याची मोकळीक दिली आहे, पण ती उपकारस्तुतीच्या दारातून आत येते. पक्ष्याचे घरटे सापडले तर पिल्ले घ्यावीत पण आईला जाऊ द्यावे, असे जुन्या नियमशास्त्रात आहे (अनुवाद २२:६-७). घेणाऱ्या हातालाही एक मर्यादा घातलेली आहे. जे करताना देवाचे उपकार मानता येतात ते करावे. जे करताना उपकारस्तुती ओठांवर अडते तेथे हात थांबवावा. सर्व काही ख्रिस्ताच्या द्वारे आणि ख्रिस्तासाठी उत्पन्न झाले, असे पौल कलस्सैकरांस लिहितो (कलस्सै १:१६). सर्व काही आपल्यासाठी उत्पन्न झाले असे तो लिहीत नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जेवणारा मनुष्य पोटभर जेवतो, पण यजमानाची भांडी फोडीत नाही.

आता त्या वहीविषयी दोन शब्द. दोरा बांधणे हाच काही धरून ठेवण्याचा एकमेव प्रकार नाही. यादी हाही एक दोरा होऊ शकतो. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये यान स्वामरडॅम नावाचा मोठा कीटकशास्त्रज्ञ होऊन गेला (१६३७-१६८०). अळी मरते आणि तिच्या जागी निराळाच जीव उत्पन्न होतो, ही जुनी समजूत त्याने खोटी ठरविली. अळीचे कातडे अलगद सोडवून त्याने आत होऊ घातलेल्या फुलपाखराचे अवयव लोकांस दाखविले. तो मनुष्य श्रद्धावान होता. पुढे त्याच्या मनाला शंकेने घेरले की, आपण हे सर्व देवाच्या गौरवासाठी करीत आहो की आपल्या जिज्ञासेच्या आणि कीर्तीच्या लोभाने? या तळमळीत त्याने काही काळ आपले काम बाजूला ठेवले. त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १७३७-३८ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाचे नाव निसर्गाचे बायबल या अर्थाचे आहे. मला वाटते, स्वामरडॅमची शंका खरी होती पण त्यावरचा उपाय चुकला. पाहणे थांबविणे हा लोभावर उपाय नव्हे. पाहिलेले परत देणे हा उपाय आहे. आदामाने प्राण्यांना नावे दिली, तेव्हा देवाने ते त्याच्यापुढे आणले होते. नाव देणे म्हणजे ओळख करून घेणे. ओळख झाली म्हणून मनुष्य मालक होत नाही.

जाता जाता आणखी एक सावधगिरी. ईस्टरच्या भेटपत्रांवर आपण फुलपाखरू छापतो आणि कोशातून निघालेल्या फुलपाखराला पुनरुत्थानाचे चिन्ह म्हणतो. चिन्ह म्हणून ते सुंदर आहे, मात्र कोश हा मेलेला नसतो. त्याच्या आत जीव जागा असतो. प्रभू मात्र खरोखर मेला आणि खरोखर उठला. आपल्या विश्वासाला फुलपाखराच्या पुराव्याची गरज नाही. उलट, फुलपाखराकडे केवळ चिन्ह म्हणून पाहण्याची सवय लागली म्हणजे आपण फुलपाखराकडे पाहतच नाही, आपल्याच विचाराकडे पाहतो. आधी त्याला फुलपाखरू असू द्यावे.

आणि पाहू लागले म्हणजे केवढी नवले उघडतात! पावसाळ्याच्या सुमारास आपल्या मैदानांवर थव्यांनी उडणारा पिवळसर चतुर आपण सर्वांनी पाहिला असेल. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली असे मांडले की, पावसाळा सरल्यावर हे चतुर भारतातून वाऱ्याबरोबर निघतात आणि मालदीव बेटांवरून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. दोन-अडीच अंगुळ लांबीचा देह आणि पुढे शेकडो कोसांचे खारे पाणी! गेलेला चतुर बहुधा स्वतः परतत नाही, परतते ती त्याची पुढची पिढी. आमच्या लहानपणीच्या त्या दोऱ्याची लांबी हातभर होती.

आम्ही घरी परतलो त्या आठवड्यात नातू मागील दारच्या कढीपत्त्यापाशी उभा होता. त्या झाडावर दरवर्षी हिरव्या अळ्या पडतात आणि मी दरवर्षी औषध फवारतो. त्या अळ्यांची काळी फुलपाखरे होतात, हे मला ठाऊक होते. रानात ती दिसावीत म्हणून मी नातवाला घेऊन शंभर कोस गेलो होतो. त्यांचीच मोठी आप्त, काळ्या पंखांवर निळाई मिरविणारी ब्लू मॉर्मन, हिला तर २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले गेले. तिची अळीही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते. मुलाने माझ्या हातातील पिचकारीकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, याच्यासाठी प्रार्थना करता येते का?"

मी पिचकारी खाली ठेवली. आमटीला चार पाने कमी पडली तर माझे काही बिघडणार नव्हते. माझी ती गरज नव्हती, सवय होती. ज्याला फुलपाखरू हवे त्याने पानांना पडलेली भोके सोसली पाहिजेत. एवढी साधी गोष्ट कळावयास मला सत्तरी गाठावी लागली. झाडाची खालची डहाळी आम्ही स्वयंपाकघरासाठी राखली आणि बाकीचे झाड त्यांना सोडून दिले. वहीत अजून फारशा नोंदी नाहीत. पण पहिल्या आकड्यापुढे त्याने लिहिले आहे, "वाळके पान."

प्रिय वाचक, आपण इंदूरला असा की बेळगावला, नागपूरला की वसईला, आपल्या आसपास एखादी ओली जागा, एखादे रुईचे झुडूप, एखादे लिंबाचे झाड असेलच. या उन्हाळ्यात एक सकाळ त्याच्यासाठी काढा. मुलांना बरोबर न्या. तासभर काही दिसले नाही तरी निराश होऊ नका. आपणांस दिसले नाही तरी ते पाहिले जात आहे. आणि काही दिसले, तर हात पुढे करण्याआधी क्षणभर थांबून देवाचे उपकार माना. त्यानंतर हात काय करील, याची मला फारशी काळजी वाटत नाही.

ज्या बापाला पाचव्या चिमणीचाही विसर पडत नाही, तो आपले डोळे उघडो आणि आपल्या हातांतील दोरे सोडवो.